कट्ट्यापासून मापापर्यंत : सरकारी धान्याविषयी वाचकांचे प्रश्न

सरकारी धान्यखरेदी, साठवण आणि रास्त भाव दुकाने यांविषयी या सदरात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत धान विकणाऱ्यांची पत्रे आहेत तशीच रेशनवर धान्य घेणाऱ्यांचीही आहेत. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वाचले, तेव्हा एकाच साखळीच्या दोन टोकांवरचे लोक जवळजवळ त्याच शब्दांत तीच तक्रार करत असल्याचे दिसले. मी स्वतः पुरवठा शाखेत नोकरी केली आहे. त्यामुळे जे नियम ठाऊक आहेत ते नियम म्हणून आणि जे मत आहे ते मत म्हणून सांगतो.

प्रश्न : आमच्या आधारभूत धान खरेदी केंद्रावर चाळीस किलोच्या कट्ट्यामागे बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या, वजनासह ४० किलो ६०० ग्रॅम घ्यायला हवे असताना ४२ किलो घेतात. विचारले तर ‘घट येते, ती आम्ही कुठून भरायची?’ असे उत्तर मिळते. केंद्र उशिरा सुरू झाल्यामुळे माझ्या भावाने निम्मे धान आधीच व्यापाऱ्याला कमी भावात घातले. ही लूट समजायची, की खरोखरच घट येते? (एक धान उत्पादक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : तुमच्याकडून जास्त धान घेणे नियमबाह्य आहे आणि घट येते हेही खरे आहे. दुसऱ्या कोणाच्या तरी दिरंगाईमुळे पुढे जी घट येणार, ती आगाऊ तुमच्याकडून वसूल केली जाते, हे या प्रकरणाचे मर्म आहे.

आधी हिशेब पाहू. कट्ट्यामागे १ किलो ४०० ग्रॅम जादा म्हणजे क्विंटलला अडीच कट्टे धरून साडेतीन किलो. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. पन्नास क्विंटल धान घालणाऱ्याचे १२५ कट्टे होतात, त्यांतून १७५ किलो धान फुकट जाते आणि त्याची किंमत ४,१०० रुपयांवर जाते. ही रक्कम कोणत्याही पावतीवर दिसत नाही, त्यामुळे सरकारी कागदोपत्री शेतकऱ्याला पूर्ण हमीभाव मिळालेला असतो.

आता घटीकडे वळू. सरकारी निकषानुसार धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. असे धान केंद्रावर पडून राहिले आणि उन्हावाऱ्याने त्याचा ओलावा १३ टक्क्यांवर आला, तर १०० किलोचे साधारण साडेपंच्याण्णव किलो उरते. यात कोणी मूठभरही चोरलेले नसते, फक्त पाणी उडून गेलेले असते. शासन जी घट मान्य करते ती याहून बरीच कमी आहे. पूर्व विदर्भात ही खरेदी राज्य सहकारी पणन महासंघाच्या वतीने आणि आदिवासी भागांत आदिवासी विकास महामंडळाच्या वतीने स्थानिक सहकारी संस्था करतात. गिरणीमालकाला उचल आदेश मिळून, म्हणजे आपल्याकडे ज्याला डीओ म्हणतात तो निघून, धान भरडाईला, म्हणजे गिरणीत तांदूळ करायला, जाईपर्यंत ते सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवर असते. भरडाईचे दर, वाहतूक आणि तांदळाचा उतारा यांवरून गिरणीमालक आणि शासन यांच्यात अनेक हंगामांत ओढाताण झाली आहे. ठरल्याप्रमाणे १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ सरकारजमा करायचा असतो, आणि तुकडा जास्त पडणाऱ्या धानात तो उतारा बसत नाही असे गिरणीमालकांचे म्हणणे असते. ही ओढाताण मिटेपर्यंत धान जागेवरच पडून राहते. गोदाम नसलेल्या केंद्रांवर ते ताडपत्रीखाली उघड्यावर असते आणि उन्हाळी हंगामाची खरेदी तर पावसाळ्याच्या तोंडाशी येऊन भिडते.

अशा वेळी संस्थेचा सचिव काय करतो? उद्या वसुली आपल्यावर निघेल या भीतीने तो आजच काट्यावर दोन मुठी जास्त ओढतो. सगळेच सचिव प्रामाणिक असतात असे मला म्हणायचे नाही. पण प्रामाणिक सचिवालासुद्धा या व्यवस्थेत शेतकऱ्याकडून जादा घेतल्याखेरीज सुरक्षित राहता येत नाही, हा मूळ दोष आहे. माझ्या मते उपाय सोपा आहे. खरेदीच्या दिवशीचा ओलावा पावतीवर लिहावा, ठरावीक दिवसांत उचल झाली नाही तर त्यापुढची घट उचल आदेश काढण्यास उशीर करणाऱ्या यंत्रणेच्या नावावर टाकावी, आणि संस्थेला फक्त त्या मुदतीपुरतेच जबाबदार धरावे. आज सगळ्या तारखा शेतकऱ्यासाठी आहेत. नोंदणीची मुदत, ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून पीक नोंदवण्याची, मुदत, खरेदी बंद होण्याची मुदत, या तिन्ही त्याच्यावर लागू होतात, आणि उचलीची मुदत मात्र लवचीक राहते.

तुमच्या हाती आज जे आहे ते असे : तुमचे धान वाळलेले असेल तर ओलावामापक यंत्रावरचा आकडा पाहण्याचा आग्रह धरा. धान १३-१४ टक्क्यांवर असताना घटीच्या नावाने जादा घेण्याला आधारच उरत नाही. वजन झाल्यावर काट्याची पावती मागा, काट्यावर वैधमापन शास्त्र यंत्रणेची चालू वर्षाची पडताळणी आहे का ते बघा, आणि तक्रार एकट्याने न करता त्याच दिवशी धान घातलेल्या आठ-दहा जणांच्या सह्यांनी जिल्हा पणन अधिकाऱ्याकडे करून जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या.

भावाने व्यापाऱ्याला धान घातले त्यात त्याची चूक नाही. दिवाळी, मजुरी आणि रब्बीची पेरणी केंद्र उघडण्याची वाट पाहत थांबत नाहीत, आणि चुकारा, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, कधी जमा होईल याचीही खात्री नसते. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी केंद्राने नेमलेल्या शांता कुमार समितीने जानेवारी २०१५ च्या अहवालात, देशातील जेमतेम ६ टक्के शेतकरीच सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकतात, असे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे नोंदवले होते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०२३-२४ पासून क्विंटलला ३,१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी असल्याचे गोंदियाचा शेतकरी रोज ऐकतो. आपल्याकडे हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असा प्रोत्साहनपर बोनस दिला गेला. क्षेत्रावर दिलेला बोनस वजनावर दिलेल्या बोनसपेक्षा मला बरा वाटतो, कारण ज्याला केंद्रापर्यंत पोहोचताच आले नाही त्यालाही तो मिळू शकतो. मात्र दुसऱ्याचा सातबारा जोडून नोंदणी करण्याचे प्रकार यातून वाढतात, त्यामुळे पडताळणी गावपातळीवर आणि पीक उभे असतानाच व्हायला हवी.

प्रश्न : एकीकडे सरकारी गोदामे भरून वाहतात, धान्य सडते असे वाचतो, आणि दुसरीकडे गव्हाचा साठा कमी झाला म्हणून निर्यातबंदी येते. दोन्ही गोष्टी एकाच देशात कशा घडतात? (महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर)

उत्तर : गहू आणि तांदूळ यांची गोष्ट वेगवेगळी आहे आणि बातम्यांत ती एकत्र होते, म्हणून हा गोंधळ होतो.

भारतीय अन्न महामंडळ १९६५ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी कृषी मूल्य आयोगही स्थापन झाला. त्या काळी देश अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून होता आणि नव्या बियाण्यांनी पिकवलेला माल पडेल भावात जाऊ नये, यासाठी सरकारने ठरलेल्या भावाला खरेदीची हमी दिली. पंजाब आणि हरियाणात बाजार समित्या, रस्ते, अडत आणि सरकारी खरेदी यांची वीण इतकी घट्ट बसली की तिथे आणाल तेवढा गहू आणि धान सरकार घेते. महाराष्ट्रात गव्हाची अशी खरेदी जवळजवळ होत नाही. आपल्या दुकानांत येणारा गहू उत्तरेतून मालगाड्यांनी मनमाडसारख्या मोठ्या कोठारांत येतो आणि तिथून तालुक्यांना जातो.

किती साठा असावा याचे निकष ठरलेले आहेत. १ एप्रिलला गहू ७४.६० लाख टन आणि १ जुलैला, म्हणजे नवा माल आल्यावर, २७५.८० लाख टन असावा. तांदळासाठी १ जुलैचा निकष १३५.४० लाख टनांचा आहे. २०२१-२२ मध्ये सरकारने सुमारे ४३३ लाख टन गहू घेतला होता. २०२२ च्या मार्चमध्ये दाणा भरताना उष्णतेची लाट आली, युक्रेन युद्धामुळे बाहेर भाव चढले, व्यापाऱ्यांनी हमीभावापेक्षा जास्त दिले आणि सरकारची खरेदी सुमारे १८८ लाख टनांवर घसरली. १३ मे २०२२ रोजी निर्यात बंद झाली. साठा सावरायला पुढे काही हंगाम गेले. १ एप्रिल २०२४ ला गहू ७५ लाख टन, म्हणजे निकषाच्या जेमतेम काठावर होता.

तांदळाचे उलटे झाले. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राने आपल्या साठ्यातला तांदूळ खुल्या विक्रीतून राज्यांना देणे थांबवले. गरिबांना जादा तांदूळ देण्याची घोषणा केलेल्या कर्नाटकाची त्यात मोठी अडचण झाली. जुलैमध्ये इथेनॉलसाठीचा तांदूळ थांबला आणि पांढऱ्या तांदळाची निर्यातही बंद झाली. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, खरेदी नेहमीसारखी आली आणि २०२५ पर्यंत साठा निकषाच्या कितीतरी पट झाला. मग निर्यात खुली झाली आणि इथेनॉलसाठी ५२ लाख टन तांदूळ मंजूर झाला, क्विंटलला २,२५० रुपये या दराने. खरेदी, भरडाई, वाहतूक, व्याज आणि साठवण धरून तांदळाचा खर्च क्विंटलला ३,९०० रुपयांच्या वर पडतो. २०२३ मध्ये ज्या राज्याला पैसे मोजूनही तांदूळ मिळाला नाही, त्याच्या नागरिकांना हे कसे समजावून सांगायचे, हे मला खरोखर कळत नाही.

भीतीपोटी साठवायचे आणि ओझे झाले की घाईने काढून टाकायचे, ही रीत बदलली पाहिजे असे मला ठामपणे वाटते. साठा निकषाच्या एका ठरावीक पटीवर गेला की राज्यांना, अंगणवाड्यांना आणि शाळांच्या पोषण आहाराला जादा धान्य आपोआप मिळेल, असा जाहीर नियम आधीच लिहून ठेवता येतो. प्रत्येक वेळी दिल्लीत नवा निर्णय होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

सडण्याविषयी थोडे. बांधीव गोदामात पोती लाकडी फळ्यांवर थप्पी लावून ठेवतात, फवारणी होते, किडीसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात आणि आधी आलेला माल आधी काढायचा असा नियम असतो. तो नियम पाळला तर धान्य चांगले टिकते. नासाडीची जी छायाचित्रे आपण पाहतो ती बहुतेक उघड्या ओट्यांवरची, काळ्या ताडपत्रीखाली ठेवलेल्या गव्हाची किंवा धानाची असतात. ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धान्य कुजू देण्यापेक्षा ते भुकेल्यांना मोफत द्या, असे केंद्राला सुनावले होते. ज्या याचिकेवर हे झाले ती २००१ ची, म्हणजे राजस्थानात दुष्काळ आणि शेजारी भरलेली गोदामे असताना दाखल झालेली. त्यानंतर पोलादी सायलो, म्हणजे धान्याच्या उंच बंद टाक्या, आल्या, उघडी साठवण कमी करण्याचे धोरण आले. २०२३ मध्ये प्राथमिक सहकारी संस्थांच्या पातळीवर गोदामे बांधण्याची मोठी योजना मंजूर झाली आणि तिच्या पहिल्या प्रायोगिक गोदामांपैकी एक अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाई येथे झाले. दिशा योग्य आहे. पण गडचिरोलीतल्या खरेदी केंद्राला सायलोपेक्षा पक्का ओटा, पत्र्याचे छत आणि वेळेवर येणारा ट्रक यांची गरज अधिक आहे, आणि त्याला फार मोठा खर्चही येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे ज्वारी पिकते आणि ज्वारीच खाल्ली जाते. मग रेशनवर पंजाबचा गहू का? (निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तुमचा प्रश्न मला या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्राने साठच्या दशकात ज्वारीची एकाधिकार खरेदी (फक्त सरकारनेच घ्यायची, अशी) केली होती, म्हणजे ज्वारी हे सरकारी धान्य होऊ शकते हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात आयात केलेली लाल मिलो खाल्लेली पिढी अजून आहे. आपली ज्वारी गेली आणि परकी ज्वारी आली, हे त्या पिढीला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याला जागा आहे. मूळ दर तांदळाला ३ रुपये, गव्हाला २ आणि भरड धान्याला १ रुपया असा होता. २०२३ पासून सगळेच मोफत झाले. अडचण खरेदीच्या आणि टिकण्याच्या बाजूने आहे. ज्वारीला गव्हापेक्षा लवकर कीड लागते. पूर्वी ती खरेदी झाल्यावर तीन महिन्यांत वाटून संपवावी लागत असे. २०२१ मध्ये ही मुदत सहा महिने झाली. तीन महिन्यांत खरेदी, वाहतूक, नियतन (कोणाला किती धान्य द्यायचे ते ठरवणे) आणि वाटप होणे आपल्या यंत्रणेला झेपत नाही, म्हणून जिल्हे ज्वारीच्या वाटेला जात नव्हते. मुदत वाढल्यावर काही जिल्ह्यांत गव्हाचा काही भाग कमी करून ज्वारी दिली गेली. तेव्हा जाडीभरडी, डागाळलेली ज्वारी आल्याच्या तक्रारीही झाल्या. त्याचे एक कारण भावात आहे. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ आणि मालदांडी या रब्बी वाणाचा ३,७४९ रुपये, म्हणजे फरक फक्त ५० रुपयांचा. मालदांडीला बाजारात यापेक्षा बराच जास्त भाव मिळत असेल तर ती सरकारी काट्यावर येणारच नाही, आणि केंद्रावर येईल ती भाकरीला न चालणारी खरिपाची ज्वारी.

सोलापूर, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यात रब्बी ज्वारी सरकारने बाजाराच्या जवळ जाणाऱ्या भावाने घ्यावी आणि त्याच जिल्ह्यात वाटावी. रेल्वेभाडे वाचते, साठवण कमी लागते आणि मुदतीचा प्रश्न बराच सुटतो. त्यातच जनावरांचा कडबाही आला. ज्वारी मागे पडली तेव्हा दावणीचा चाराही महाग झाला, हे तुमच्या भागात सगळ्यांनी पाहिले आहे.

प्रश्न : रेशनच्या तांदळात वेगळेच दाणे दिसतात, ते पाण्यावर तरंगतात. प्लास्टिकचा तांदूळ मिसळतात का? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : नाही. ते पोषणतत्त्वे मिसळलेले दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर त्याचे दाणे पाडतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते तांदळात मिसळतात. रंग आणि वजन थोडे वेगळे असल्यामुळे ते ओळखू येतात. निवडून टाकू नका आणि तांदूळ फार चोळून धुऊ नका. घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून खा. पूर्व विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्यामुळे ही माहिती दुकानात मराठीत आणि स्थानिक बोलीत लावायला हवी होती. ती न लावल्यामुळेच प्लास्टिकच्या अफवेला जागा मिळाली.

प्रश्न : आमचे केशरी कार्ड आहे. शेतकरी म्हणून पूर्वी धान्य मिळायचे, आता खात्यात पैसे येतात. शेजाऱ्याला मात्र मोफत धान्य मिळते. आमचे नाव यादीत का येत नाही? आणि पैसे बरे की धान्य? (शेतकरी, बीड जिल्हा)

उत्तर : अन्न सुरक्षा कायद्याने महाराष्ट्रातील ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के आणि शहरी भागातले ४५.३४ टक्के लोक धरून साधारण ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा ठरली. ती २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ नंतर वाढलेली लोकसंख्या, वेगळी झालेली कुटुंबे, लग्न होऊन आलेल्या सुना आणि जन्मलेली मुले यांना त्या आकड्यात स्वतंत्र जागा नाही. तहसील कार्यालयात ‘इष्टांक संपला’ असे जे सांगतात त्याचा अर्थ हा आहे. कोणाचे नाव कमी झाले तरच दुसऱ्याचे आत येते. नवी जनगणना होऊन हे आकडे बदलेपर्यंत तुमचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यासह नोंदवून ठेवा आणि पोच घ्या. ग्रामीण भागासाठी वार्षिक ४४,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा इतकी जुनी आहे की ती प्रामाणिकपणे लावली तर रोजंदारी करणारे कुटुंबही तिच्याबाहेर जाईल. शासनाने ती बदलण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

तुम्हाला येणारे पैसे वेगळ्या योजनेचे आहेत. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य मिळत होते. केंद्राकडून त्या योजनेसाठी धान्य मिळणे बंद झाल्यावर २०२३ मध्ये माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले, पुढे ते १७० झाले. १७० रुपयांना पाच किलो म्हणजे किलोला ३४ रुपये. आज त्यात धान्य येत असेलही, पण भाव चढला की धान्याचा पाच किलोंचा शब्द पाचच किलोंचा राहतो आणि पैशाचा शब्द आपोआप लहान होतो. त्यातच हे पैसे कुटुंबातील ज्येष्ठ महिलेच्या खात्यात जायचे असतात. खाते आधारशी न जोडल्यामुळे ते अडकल्याच्या तक्रारी याच डाकेत चार आल्या आहेत. शहरात आणि बाजार जवळ असलेल्या गावात पैसे चालतील, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात धान्यच द्यावे असे माझे मत आहे. पैसेच द्यायचे असतील तर रक्कम दर सहा महिन्यांनी बाजारभावाला बांधावी.

प्रश्न : आईचे वय ७८. रेशन दुकानातल्या पॉस यंत्रावर, म्हणजे अंगठ्याने ओळख पटवणाऱ्या यंत्रावर, तिचा अंगठा उमटत नाही. दुकानदार परत पाठवतो. (वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : त्याला तसे करता येत नाही. केंद्र शासनाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना कळवले आहे की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही, एवढ्या कारणाने कोणालाही धान्य नाकारू नये. त्यासाठी अपवाद नोंदवही ठेवायची असते. डोळ्यांच्या बुबुळांची ओळख किंवा मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक हे पर्याय आहेत, आणि कार्डावरच्या कोणाही दुसऱ्या सदस्याच्या अंगठ्यावर पूर्ण कुटुंबाचे धान्य मिळते. आई एकटीच कार्डावर असेल तर तिच्या वतीने धान्य घेणारा प्रतिनिधी (नॉमिनी) नेमण्याचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या. आयुष्यभर शेणामातीत राबलेल्या हातांच्या रेषा पुसट होतात, हे यंत्र बनवणाऱ्याला ठाऊक नसले तरी पुरवठा निरीक्षकाला ठाऊक असायला हवे.

प्रश्न : आमचा दुकानदार वीस किलोऐवजी एकोणीस किलो देतो. म्हणतो, गोदामातून पन्नासच्या पोत्यात अठ्ठेचाळीसच येते. त्याच्यावर कारवाई मागावी का? (ग्राहक, पालघर जिल्हा)

उत्तर : तक्रार जरूर करा, पण ती फक्त दुकानदारावर करू नका. गोंदियाच्या शेतकऱ्याचे पत्र वाचले असेल, तर तुमच्या दुकानदाराचे आणि तिथल्या संस्थेच्या सचिवाचे वाक्य एकच असल्याचे लक्षात येईल. ‘वरून कमी येते’ आणि ‘पुढे घट येते’ ही दोन्ही वाक्ये म्हणणारा आपल्या खालच्या माणसाकडून भरपाई घेतो. त्या साखळीत सर्वांत खाली शेतकरी आणि कार्डधारक आहेत, कारण त्यांना कोणाकडून वसूल करता येत नाही.

अन्न सुरक्षा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. केंद्राच्या गोदामातून धान्य उचलून दुकानाच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कलम २४ ने राज्य शासनावर टाकली आहे. आपल्याकडची द्वार वितरण योजना त्यासाठीच आहे. दुकानदाराने दारात आलेले प्रत्येक पोते ट्रकचालकासमोर काट्यावर घ्यायचे आणि तूट असेल तर चलनावर लिहायचे, असे अपेक्षित आहे. रिकाम्या ज्यूटच्या पोत्याचे वजनच अर्धा किलोच्या वर असते. ते वजा करून निव्वळ पन्नास किलो भरले पाहिजे. बहुतेक दुकानदार वजन न करताच सही करतात. ट्रक थांबायला तयार नसतो, आणि तूट लिहिली तर पुढच्या महिन्याचे नियतन उशिरा येईल अशी धास्ती असते. नोकरीत असताना तूट लिहिलेली चलने माझ्या टेबलावर फार थोडी आली, आणि जी आली त्यांच्यामागे दुकानदारापेक्षा गावच्या दक्षता समितीतल्या (रेशन दुकानावर लक्ष ठेवणाऱ्या ग्रामस्थांच्या समितीतल्या) एखाद्या खमक्या बाईचा आग्रह असायचा.

म्हणून ग्रामसभेत दक्षता समितीची नावे विचारा. समिती कागदावरच असेल तर ती नव्याने नेमण्याचा ठराव घ्या, आणि धान्य येण्याच्या दिवशी तिचे दोन सदस्य काट्याजवळ उभे राहतील असे ठरवा. तुम्हाला एक किलो कमी मिळाले तर पॉस यंत्रातून निघणारी पावती जपून ठेवा. पावतीवर वीस किलो आणि पिशवीत एकोणीस, हाच पुरावा आहे. १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि लेखी तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या. तिथे न्याय मिळाला नाही तर राज्य अन्न आयोगाकडे जाता येते. हक्काचे धान्य मिळाले नाही तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. त्याचा हिशेब हमीभावाच्या सव्वापटीवर होतो आणि तो मागण्याचा अधिकार या कायद्याच्या यादीतील प्रत्येक कार्डधारकाला आहे. हा भत्ता मागणारे अर्ज माझ्या पाहण्यात जवळजवळ आलेच नाहीत. तुमच्या गावातून पहिला अर्ज गेला तर त्याची प्रत या सदराकडे पाठवा. पुढे काय झाले ते आम्ही छापू.